सॅन्सिझ, म्हणजे तुझ्याविना : अझरबैजानच्या गाण्यांतला विरह

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा. आजचा विषय गर्दीत स्पीकरवर ऐकायचा नाही.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. नाव सांगत नाही. त्यानं लिहिलं होतं, "दादा, ती जाऊन आठ महिने झाले. सगळे म्हणतात मूव्ह ऑन हो. पण रोज रात्री तिचं लास्ट सीन बघितल्याशिवाय झोप लागत नाही. यावर कधीतरी बोल ना."

आता मी पडलो बीटेक. दिवसभर कोड लिहितो, रात्री माईकसमोर बसतो. मनाच्या दुखण्यावरचा सल्ला द्यायची माझी लायकी नाही. पण हे लास्ट सीनचं प्रकरण मला चांगलंच ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी एका रिलीजच्या रात्री मी असाच जागा होतो. बिल्ड चालू होतं, ते संपेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. एका हातात गार झालेला चहा, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर तिचं नाव उघडलेलं. ती तोवर शिकायला जर्मनीला गेली होती आणि आमचं बोलणं थांबलं होतं. तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' आलं की माझ्या पोटात खड्डा पडायचा. गेलं की आणखी मोठा पडायचा.

त्या रात्री लॅपटॉपवर एकामागून एक गाणी आपोआप लागत होती. त्यात मध्येच एक गाणं आलं. भाषा कळली नाही. एक पुरुषाचा आवाज, मागे तारवाद्य, आणि असं वाटलं की हा माणूस कुणाला तरी हाक मारतोय, पण उत्तर येईल अशी त्याची अपेक्षाच नाही. बिल्ड संपलं, मी ते गाणं परत लावलं. नाव वाचलं तर अझरबैजानी भाषेतला एकच शब्द होता : 'सॅन्सिझ'. अर्थ शोधला. 'तुझ्याविना'.

तिथून मी या संगीताच्या मागे लागलो. आज तेच तुम्हाला सांगतो. मुद्दा एकच आहे, आधीच सांगून टाकतो. दूर गेलेल्या माणसाशी बोलायची एक रीत या परंपरेनं शेकडो वर्षं सांभाळली आहे, आणि त्या रीतीत समोरच्याकडून उत्तर मागत नाहीत.

हा देश नेमका कुठे?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर अझरबैजान. राजधानी बाकू. उत्तरेला रशिया, दक्षिणेला इराण, पश्चिमेला आर्मेनिया आणि जॉर्जिया. १९९१ पर्यंत हा सोव्हिएत संघाचा भाग होता. भाषा तुर्की कुळातली, पण फारसी आणि अरबीतून आलेले शब्द भरपूर. त्यामुळे आपल्यालाही मध्येच ओळखीचं काहीतरी सापडतं. यार, जान, गुल, बुलबुल, दर्द, दुनिया हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेनं तिकडेही पोचले आणि मराठी-हिंदीतही आले. उच्चार थोडे फिरतात, एवढंच.

आधी चार शब्द

गाणी नंतर. आधी शब्द, कारण अर्धी गंमत तिथेच आहे.

पहिला शब्द 'सॅन्सिझ'. 'सॅन' म्हणजे तू. 'सिझ' हा मागे लागणारा प्रत्यय, अर्थ 'विना'. आपण 'तुझ्याविना' म्हणतो तसंच. दोन्ही भाषांत 'नसणं' माणसाच्या मागे चिकटून येतं. आधी तू, मग तुझं नसणं.

दुसरा शब्द 'आयरिलिक'. 'आयरी' म्हणजे वेगळा. 'लिक' म्हणजे आपलं '-पण'. वेगळेपण, ताटातूट.

तिसरा माझा सगळ्यात आवडता : 'दारिखमाक'. कुणाची आठवण येऊन जीव कासावीस होतो, तेव्हाचं हे क्रियापद. त्याच्या मुळाशी 'दार' आहे, म्हणजे अरुंद. माणूस गेलं की जग अरुंद होतं, श्वासाला जागा पुरत नाही. मराठीत आपण 'मला तुझी आठवण येते' म्हणतो. आठवण येणारी, आपण नुसते दार उघडून बसलेले. अझरबैजानी माणूस म्हणतो, तुझ्यापायी मीच आक्रसून गेलोय.

आणि चौथा 'ओ'. एवढासा शब्द. याचा अर्थ तो, ती, ते, सगळंच. या भाषेत व्याकरणातलं लिंगच नाही. 'गेत्दी' म्हणजे गेला, किंवा गेली, किंवा गेलं. मराठीत पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं, गेला की गेली. तिकडे कवी संपूर्ण गझल लिहितो आणि गेलेलं माणूस स्त्री, पुरुष की देव, हे व्याकरण तुम्हाला सांगतच नाही. कोडिंगवाल्यांना सांगायचं तर व्हेरिएबल जाहीर केलंय, त्यात किंमत कुठली भरायची हे ऐकणाऱ्यावर सोडलंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मजनू, पण आपल्या गल्लीतला नव्हे

आपल्याकडे 'काय मजनू झालास का?' असं सहज म्हणतात. बसस्टॉपवर पोरींना त्रास देणाऱ्यालाही मजनूच म्हणतात. मूळ गोष्ट वाचली तर हा त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे.

गोष्ट मूळची अरबी. कैस आणि लैला लहानपणी एकत्र शिकतात, प्रेमात पडतात. कैस उघडपणे तिच्यावर कविता म्हणत फिरतो, त्यामुळे तिच्या घरचे त्याला नकार देतात. लोक त्याला 'मजनून' म्हणू लागतात, म्हणजे वेडा. तो वाळवंटात निघून जातो, जनावरांत राहतो.

या गोष्टीला मोठ्या काव्याचं रूप दिलं निजामी गंजवी यांनी, ११८८ च्या सुमाराला. निजामी गंजा शहरातले. ते शहर आजच्या अझरबैजानात आहे. त्यांनी लिहिलं मात्र फारसीत, म्हणून इराण आणि अझरबैजान दोघंही त्यांना आपलं म्हणतात. त्यांनी काव्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की हा विषय घ्यायला मन धजत नव्हतं. ना बाग, ना राजवाडा, नुसती वाळू आणि दुःख, यात कवीनं फुलवायचं काय? पण मुलानं आग्रह धरला आणि ते बसले लिहायला.

मग सोळाव्या शतकात आले मुहम्मद फुझुली. हे राहिले आजच्या इराकमध्ये, गेले १५५६ मध्ये. अरबी, फारसी आणि तुर्की या तिन्ही भाषांत लिहायचे. त्यांनी १५३५-३६ च्या सुमाराला 'लेयली आणि मजनून' अझरबैजानी तुर्कीत लिहिलं. तिकडे लैलाचा उच्चार लेयली, आपणही आता तोच धरू. अझरबैजानात विरहाचा विषय निघाला की फुझुलींचं नाव आल्याशिवाय राहत नाही.

या गोष्टीतले तीन प्रसंग सांगतो. तीनही आपल्या श्रोत्यानं नीट ऐकावेत.

एक. मजनूचा बाप त्याला मक्केला घेऊन जातो. म्हणतो, बाबा रे, इथे प्रार्थना कर, या वेडातून सुटका माग. मजनू काबागृहापाशी उभा राहतो आणि मागतो काय? हे दुखणं वाढव. सुटका नको. म्हणजे 'मूव्ह ऑन हो' हा सल्ला त्याच्या बापानंही दिला होता. तोही आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या काव्यात!

दोन. नौफल नावाचा एक सरदार मजनूची दया येऊन लेयलीच्या टोळीशी लढाई करतो. जिंकलो की मुलगी उचलून आणू, असा त्याचा हिशेब. आणि मजनू? तो मनातून लेयलीच्या माणसांचा विजय चिंततो. कारण पलीकडे तिची माणसं आहेत. बळजबरीनं मिळवणं त्याच्या प्रेमात बसतच नाही. बसस्टॉपवरच्या वीराला हे ऐकवायला हवं.

तीन. फुझुलींच्या काव्यात शेवटाकडे लेयली स्वतः वाळवंटात त्याच्यासमोर येऊन उभी राहते. आणि तो तिला ओळखत नाही. ओळख पटल्यावरही तिच्याबरोबर जात नाही. जी लेयली त्याच्या आत आहे तिच्यातच तो बुडालेला आहे.

सूफी वाचणारे म्हणतात, इथे लेयली ही देवाकडे जाणारी वाट होती, ती चालून झाली. ठीक आहे. पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. ती इतक्या लांबून आली आणि हा म्हणतो तू नकोस? मग तो इतकी वर्षं कुणासाठी रडत होता?

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला. रात्री दोन वाजता मी ज्या नावाकडे बघत बसायचो, ती खरंच जर्मनीतली मुलगी होती का? की मीच मनात तयार केलेली कुणी होती? खरी मुलगी तेव्हा बहुतेक कपडे धूत असेल, नाहीतर परीक्षेचा अभ्यास करत असेल. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

लेयली कुणाशी बोलते?

फुझुलींचं मोठेपण मला जाणवलं ते लेयलीच्या भागात. मजनू निदान मोकळा आहे. रडतो, ओरडतो, कविता म्हणतो, लोक त्याच्या कविता पाठ करतात. लेयली घरात कोंडलेली. तिचं दुसऱ्याशीच लग्न लावून देतात. तिनं मनातलं एक अक्षर बोलायची सोय नाही. तर फुझुली तिला बोलायला कोण देतात? रात्रीचा दिवा. दिव्याभोवती फिरणारा पतंग. चंद्र. पहाटेचा वारा. ढग.

ती एकेकाला समोर घेते आणि बोलते. यातलं कुणी उत्तर देणार नाही हे तिला ठाऊक आहे. तरी बोलते, कारण बोलणं ही तिची गरज आहे. दिव्यावर तिनं 'उत्तर का देत नाहीस' म्हणून रुसायचं काहीच कारण नाही. आमच्या फोनवर दोन निळ्या टिका येतात आणि रुसवा तिथूनच सुरू होतो.

१९०८ : बाकूच्या रंगमंचावर

आता चारशे वर्षं पुढे उडी मारू. शुशा नावाचं डोंगरातलं एक शहर आहे, गवयांचं माहेरघर. तिथे वाढलेला एक मुलगा लहानपणी एक देखावा बघतो : लेयलीच्या कबरीपाशी बसलेला मजनू. ते चित्र त्याच्या डोक्यातून जात नाही. मुलाचं नाव उझेयिर हाजिबेयोव. पुढे १९०८ च्या जानेवारीत बाकूच्या तागीयेव नाट्यगृहात त्यांचा 'लेयली आणि मजनून' हा ऑपेरा उभा राहिला. मुस्लिम जगातला पहिला ऑपेरा म्हणून तो ओळखला जातो. आणि हाजिबेयोव तेव्हा फक्त २२ वर्षांचे होते! आपल्यातले काही जण २२ व्या वर्षी प्लेसमेंटच्या तिसऱ्या फेरीत असतात.

शब्द फुझुलींचे घेतले. वाद्यवृंद युरोपीय, पण त्यात 'तार' हे तिकडचं वाद्य बसवलं. मुख्य गायकांच्या जागा स्वरलिपीत पूर्ण लिहिल्या नाहीत, इथे अमुक मुगाम गा, एवढंच ठरवलं. बाकी गायकानं रंगमंचावर रचायचं.

मजनू झाले हुसेनगुलू साराब्स्की. आणि लेयली? बाईनं रंगमंचावर येणं तेव्हा अशक्य होतं. म्हणून चहाच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाला, अब्दुररहीम फराजोवला, लेयली केलं. आपल्याला यात नवल वाटणार नाही. आपलं 'संगीत शाकुंतल' १८८० चं, तीही ताटातुटीचीच गोष्ट, आणि बालगंधर्व १९०५ पासून शकुंतला होऊन गात होते. पण मला बाकूच्या त्या रात्रीचा विचार केला की वेगळंच वाटतं. सगळं नाटक एका दूर असलेल्या बाईवर, आणि रंगमंचावर बाईच नाही.

१९१२ मध्ये शोवकत मामेदोवा ही तरुणी बाकूच्या रंगमंचावर गायला उभी राहिली, तेव्हा इतका गदारोळ झाला की तिला शहर सोडून पळावं लागलं. पुढे तीच देशातली नामवंत ऑपेरा गायिका झाली. तेव्हा विरहाच्या गाण्यात 'ती' नाही असं ऐकलं की एकदा विचारावं, ती गेली होती की तिला येऊ दिलं नव्हतं?

मुगाम : चढून परत खाली येणं

आता संगीत. मुगाम म्हणजे काय? आपल्या कानाला समजेल असं सांगतो, पण तंतोतंत राग समजू नका. प्रत्येक मुगामाचे ठरलेले स्वर, ठरलेल्या जागा आणि ठरलेला भाव असतो, आणि त्या चौकटीत गायक रचत जातो. मुख्य मुगाम सात : रास्त, शूर, सेगाह, चाहारगाह, शुश्तर, बायाती-शिराझ आणि हुमायून. हाजिबेयोव यांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात कुठल्या मुगामातून कुठला भाव जागतो हे लिहून ठेवलंय. सेगाहच्या वाट्याला प्रेम आलंय. शुश्तर, बायाती-शिराझ आणि हुमायून दुःखाकडे झुकणारे.

गाणारे तिघंच असले तरी पुरतात. गायकाला म्हणतात 'खानेंदे', तो हातात 'गावाल' नावाची डफासारखी चकती धरतो. बरोबर कमांचा, गजानं वाजणारं, आणि तार. ही तार बघाच. तुतीच्या लाकडाचं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं खोड, आणि त्यावर ताणलेला पातळ पडदा बैलाच्या हृदयाभोवतीच्या आवरणाचा असतो. विरहाचं गाणं अक्षरशः हृदयाच्या कातड्यावर वाजतं, आणि हे मी कवितेतलं सांगत नाही, कारागिरीतलं सांगतोय.

पूर्ण मुगाम कसा जातो? सुरुवातीच्या भागानंतर गायक खालच्या मुक्कामाच्या स्वराजवळ बसतो. तालाविना, मोकळ्या लयीत गझल सांगतो. मग एक पायरी वर. तिथे थोडा थांबतो. आणखी एक पायरी. मध्येमध्ये 'तासनिफ' येतं, म्हणजे तालात बांधलेलं गाणं, किंवा 'रेंग', म्हणजे नुसत्या वाद्यांचा तुकडा. तेवढाच ऐकणाऱ्याला श्वास. असं करत आवाज टिपेला पोचतो, गळ्यातून 'झेंगुले' नावाचे थरथरते दाणे सुटतात, वाटतं आता हा आवाज फुटणार. आणि तिथून तो खाली उतरतो. जिथून निघाला होता त्याच स्वरावर येऊन थांबतो.

हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल, तेव्हा कुठे लक्षात आलं. शेवटी ती परत आलेली नसते. काहीही सुटलेलं नसतं. पण गाणारा घरी परतलेला असतो. हळूहळू चढलास, पूर्ण ओरडून घेतलंस, आता खाली ये. दुःखाला सुरुवात, चढ आणि उतार आहे. माझ्या रात्रींना चढही नव्हता आणि उतारही नव्हता, नुसता स्क्रीन होता.

२००८ मध्ये युनेस्कोनं मुगामाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आजच्या गायकांमध्ये आलिम गासिमोव हे नाव लक्षात ठेवा. बऱ्याचदा ते मुलगी फर्गानासोबत गातात. बाप आणि लेक एकमेकांकडे बघत विरहाची गझल गातात, तेव्हा ही 'प्रियकर-प्रेयसी' एवढीच गोष्ट नाही हे आपोआप कळतं.

रिकाम्या खुर्चीत कोण कोण बसलं

आठवतो ना तो 'ओ'? तो, ती, ते? आता बघा त्यात काय काय भरलं गेलं.

शुशाच्या खुर्शिदबानू नातावान. जन्म १८३२, कराबाखच्या शेवटच्या खानाची मुलगी. कविता करायच्या, शहरात कवींची मैफल चालवायच्या, आणि शुशात पिण्याचं पाणी आणण्यासाठी स्वतःचा पैसा खर्च केला. 'नातावान' हे त्यांनी घेतलेलं टोपणनाव, अर्थ 'अशक्त, जिचं काही चालत नाही ती'. त्यांचा मुलगा मीर अब्बास ऐन तारुण्यात गेला. मग त्यांनी गझलेची तीच जुनी भाषा, तोच विरह, मुलासाठी वापरला. गझलेला नवीन शब्द शोधावे लागले नाहीत. जागा तयारच होती, तिथे आईनं मुलाला बसवलं.

नाव नसलेल्या बायकाही आहेत. 'बायाती' नावाचा लोककाव्याचा प्रकार आहे. चार ओळी, प्रत्येक ओळीत सात अक्षरं, पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकात. बऱ्याचदा पहिल्या दोन ओळी नुसत्या डोंगर-फूल-पाण्याच्या, आणि शेवटच्या दोनांत काळजात घुसणारं वाक्य. कुणी रचली, पत्ता नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा. तिथेही लांब राहिलेलं माणूस म्हणजे बहुतेकदा आई किंवा भाऊ.

मग नदी. १८१३ आणि १८२८ मध्ये रशिया आणि इराण यांच्यात दोन तह झाले आणि सीमा आरास नदीच्या काठानं पडली. एकच भाषा बोलणारी माणसं दोन साम्राज्यांत वाटली गेली. सोव्हिएत काळात ही सीमा आणखी घट्ट झाली. बाकूत जन्मलेले आणि इराणात आयुष्य घालवलेले संगीतकार अली सलिमी यांनी 'आयरिलिक' हे गाणं केलं. गाणं वरकरणी प्रेमी जिवांच्या ताटातुटीचं. पण रशीद बेहबुदोव यांनी ते बाकूकडे गायलं, गुगूशनं इराणकडे गायलं, आणि दोन्ही काठांवरच्या लोकांनी त्यात नदी ऐकली. १९८९ च्या डिसेंबरअखेर लोकांनी आरासच्या काठचं सीमेवरचं कुंपण मोडलं, तेव्हा कित्येकांना पलीकडचे नातेवाईक पहिल्यांदाच दिसले.

आणि 'सारी गेलिन'. न मिळालेल्या वधूचं गाणं. अझरबैजानी म्हणतात आमचं, आर्मेनियन म्हणतात आमचं, तुर्कस्तानात आणि इराणातही ते गातात. इथे थोडं जपून बोलतो. कराबाखवरून अझरबैजान आणि आर्मेनियात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पुन्हा २०२० मध्ये युद्ध झालं. आधी लाखो अझरबैजानी घरादाराला मुकले, त्याच काळात अझरबैजानातल्या आर्मेनियनांनाही घरं सोडावी लागली, आणि २०२३ मध्ये एक लाखाहून जास्त आर्मेनियन कराबाख सोडून गेले. शुशा हे नाव दोन्हीकडे ओल्या डोळ्यांनी घेतलं जातं. दोघं ज्या गाण्यासाठी भांडतात ते गाणं मात्र न मिळालेल्या माणसाचं आहे.

मग आपल्या श्रोत्याचं काय?

आता तुझ्या मेसेजकडे येतो, मित्रा.

विरह गोड असतो असं मी म्हणणार नाही. मजनूच्या वाटेनं जा असंही नाही, तो शेवटी कबरीवर मरतो. झोप आणि जेवण महिनोन्‌महिने बिघडलं असेल तर घरच्यांशी बोल, डॉक्टरांकडे जा, त्यात कमीपणा नाही.

पण एक फरक मला या गाण्यांनी शिकवला. लास्ट सीन बघणं म्हणजे आठवण काढणं नव्हे. ती पाळत आहे. आठवण काढताना आपण आपल्या जागी असतो आणि ते माणूस त्याच्या जागी. मध्ये जी मोकळी जागा उरते तिथे गाणं होतं. फोन ती जागाच शिल्लक ठेवत नाही. गेलेलं माणूस धड जातही नाही, धड जवळही येत नाही, नुसता हिरवा ठिपका होऊन राहतं. तुझं जग आठ महिने अरुंद होत चाललंय ते कदाचित त्यामुळेही असेल.

मी काय केलं? नंबर डिलीट वगैरे नाट्यमय काही नाही. लास्ट सीन दिसणं बंद केलं, माझं आणि तिचंही. आणि महिनाभर रोज झोपताना एक मुगाम ऐकला, पूर्ण, वीसेक मिनिटांचा, मध्ये न थांबवता. पहिल्या आठवड्यात बोटं सारखी फोनकडे जायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा गाणं खालच्या स्वरावर येऊन थांबलं आणि मी उठून खिडकी उघडली. खाली सोसायटीचा वॉचमन बादली भरत होता. कितीतरी दिवसांनी मला बाहेर काय चाललंय ते दिसलं. आठवण अजून येते. आली की येऊ देतो, तिच्यामागे धावत नाही.

कुठून सुरू करायचं? क्रम सांगतो. आधी बेहबुदोव यांचं 'आयरिलिक', ते लगेच कानात बसतं. मग 'सॅन्सिझ'. निजामींच्या आठशेव्या जयंतीच्या निमित्तानं हाजिबेयोव यांनी १९४१ मध्ये निजामींच्या गझलेला ही चाल लावली. अशी सात गाणी करायचा त्यांचा बेत होता, पूर्ण झाली दोनच. त्यानंतर गासिमोव बाप-लेकीचा एखादा पूर्ण मुगाम. अर्थ शोधू नका, पहिल्या वेळी तरी. आवाज कुठे चढतो आणि कुठे परत येतो तेवढं ऐका.

जाता जाता एक गोष्ट. १९७७ मध्ये नासानं दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावर पृथ्वीचे आवाज कोरलेली सोनेरी तबकडी आहे. त्यात अझरबैजानच्या बालाबान या फुंकून वाजवायच्या वाद्याचा अडीच मिनिटांचा तुकडा आहे. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरी गावच्या, सूरश्री केसरबाई केरकर आहेत. भैरवीतली 'जात कहाँ हो'. जाणाऱ्याला विचारलेला प्रश्न. व्हॉयेजर १ आज माणसानं बनवलेली पृथ्वीपासून सगळ्यात लांबची वस्तू आहे. बाकूकडचा तो वारा आणि केरीचा तो सूर दोघं एकाच तबकडीवरून चालले आहेत, अजून चालतच आहेत. पलीकडून उत्तर येईल म्हणून कुणी वाट बघत बसलेलं नाही. तरी पाठवलं.

चला, आजच्यापुरतं एवढंच. ऐकून कसं वाटलं ते कळवा. आणि आज रात्री फोन उशाशी ठेवायचाच असेल तर गाणं लावून पालथा ठेवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.